माप, मोजणी आणि न्याय : मराठी मुलाच्या पहिल्या गणिताची वाटचाल

मराठी मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच बेरीज आणि वजाबाकी बोलू लागलेले असते. मात्र आपण गणित बोलत आहोत याची त्याला जाणीव नसते. 'सव्वातीन' म्हणताना ते तिनांत पाव मिळवते, तर 'पावणेतीन' म्हणताना तिनांतून पाव वजा करते. 'पंचवीस' या शब्दात पाच आणि वीस यांची बेरीज दडलेली आहे आणि 'एकोणतीस' या शब्दात तिसातून एक उणा केलेला आहे. दीड, अडीच, साडेतीन हे शब्द त्याने आईच्या तोंडून, दूधवाल्याच्या तोंडून, एसटीच्या वाहकाच्या तोंडून ऐकलेले असतात. असे असूनही पहिली-दुसरीच्या वर्गात बसल्यावर यांपैकी कितीतरी मुलांना गणित परके वाटू लागते. बोलीत असलेले गणित पाटीवर येताना असे काय घडते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे, शेतातल्या खळ्यापर्यंत आणि पंतोजींच्या ओसरीपर्यंत जावे लागेल. आमच्या मते ही वाटचाल केवळ अध्यापनपद्धतीची नाही. कोणाला मोजता यावे आणि कोणाला येऊ नये, हा सामाजिक न्यायाचा प्रश्नही तिच्यात गुंतलेला आहे; आणि त्या प्रश्नाच्या इतिहासात आपल्या कोल्हापूरचे स्थान मोठे आहे.

हात, मूठ आणि पायली

माणसाने पहिले माप आपल्या शरीरातूनच घेतले. बोट, मूठ, वीत, हात, पाऊल, ओंजळ ही मापे घेऊनच प्रत्येक जण जन्माला येतो. शिवकालात जमिनीची मोजणी झाली, तेव्हा मोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठींची ठरवण्यात आल्याचे बखरीत नमूद आहे. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर, अशी ती चढती भाजणी होती. हात कोणाचा लांब, कोणाचा आखूड. म्हणून राज्याने एक हात प्रमाण मानला. सर्वांसाठी एकच माप असले पाहिजे, ही कल्पना तिथे स्पष्ट दिसते.

धान्याच्या मापांची भाजणी याहून सुबक होती. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मणाच्या पायल्या मात्र सर्वत्र सारख्या नसत; त्या प्रांताप्रांतांत बदलत. धान्याचा शेर मापाचा आणि किराण्याचा शेर वजनाचा, हा भेदही लक्षात ठेवावा लागे. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत होती. लग्न होऊन आलेली नवी नवरी उंबरठ्यावरचे माप ओलांडून घरात येते आणि एखाद्याला त्याचे श्रेय देताना आपण ते माप त्याच्या पदरात घालतो. माप ही वस्तू मराठी संसारात किती खोलवर रुजली होती, हे यावरून ध्यानात यावे.

दोन, चार, आठ, सोळा अशी ही दुप्पट-निमपट केवळ खेड्यातली सोय नव्हती. सह्याद्रीच्या परिसराशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली. या ग्रंथाच्या आरंभी बेरीज येत नाही. आधी परिभाषा येते, म्हणजे नाणी, वजने, लांबी आणि धान्य यांच्या मापांची ओळख करून दिली जाते. वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म, असे ते कोष्टक आहे. जे मोजायचे ते आधी ओळखावे आणि मग संख्येकडे वळावे, हा त्या मांडणीचा क्रम आहे. बालशिक्षणाचे आजचे अभ्यासकही वेगळ्या वाटेने याच क्रमापाशी येऊन पोहोचले आहेत, याचे आम्हांला विशेष वाटते.

पंतोजींची ओसरी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गावोगावी पंतोजींच्या शाळा भरत. धूळपाटीवर बोटाने अंक गिरवायचे, मग एका सुरात पाढे म्हणायचे आणि संध्याकाळी घरी दिवेलागणीला परवचा म्हणायची, हा त्या काळचा शिरस्ता होता. मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातील सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली लिहून ठेवले आहे की, लहानमोठे असे क्वचितच एखादे गाव असेल जिथे शाळा नाही. गुरुजींचे वेतन एक-दोन मुठी धान्यापासून फार तर महिना रुपयापर्यंत असे. आणि छोटे दुकानदार व शेतकरी यांना आपले हिशेब चोख ठेवता येत, असेही त्यांचे निरीक्षण होते. हे वर्णन सरसकट सर्वांना लागू पडत नाही, हे आपण पुढे पाहूच. परंतु त्या पद्धतीतील शक्ती त्यातून दिसते.

या शक्तीचे मर्म पाढ्यांहून अधिक अपूर्णांकांच्या पाठांतरात होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे मुलांना मुखोद्गत असत. हे ओझे मुलांवर का लादले होते? कारण बाजार याच भाषेत बोलत होता. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. शेराचा पाव म्हणजे पावशेर, त्याचे अर्धे अदपाव किंवा नवटाक. बारा आणे शेराची वस्तू सहा शेर घेतली, तर सहाची पाऊणकी साडेचार. म्हणजे साडेचार रुपये. सव्वा रुपया शेराची सात शेर घेतली, तर सातांची सवायकी पावणेनऊ. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया असल्यामुळे एक मोठी सोयीची युक्ती निघे : मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे. मण वीस रुपयांना असेल तर अडीच शेर वीस आण्यांना, म्हणजे सव्वा रुपयाला. कागद नको, लेखणी नको. ज्याला हे येई त्याला वाण्याच्या दुकानात कोणी फसवू शकत नसे.

१८२० नंतर मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मराठीत गणिताची पुस्तके तयार होऊ लागली आणि पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्या अंकगणिताने शाळांत जम बसवला. छापील पुस्तकाने उदाहरणांना शिस्त आणली. तरी घरोघरी खपली ती अंकलिपीच. पाढे आणि मापांची कोष्टके असलेले ते लहानसे पुस्तक आजही कोल्हापूरच्या दुकानांत मिळते.

ज्यांच्या वाट्याला हिशेब आला नाही

आता या चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. पंतोजींच्या ओसरीवर मुली जवळजवळ नव्हत्याच आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर तिथे प्रवेशच नव्हता. कुणब्यांच्या मुलांपैकीही बहुतेकांना गुरे राखण्यातून सवड मिळत नसे. परिणामी ज्यांच्या घामातून रास उभी राहत होती, त्यांना ती रास मोजता येत नव्हती. कर्ज किती घेतले, व्याज किती चढले, फेड किती झाली, हे सारे सावकाराच्या वहीत. आणि ती वही ऋणकोला वाचता येत नव्हती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या भागात व नगर जिल्ह्यात पसरला. त्या वेळी लोकांनी प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोखे आणि वह्या हस्तगत करून जाळल्या. ज्या कागदावरचा हिशेब आपल्याला तपासता येत नाही, तो कागद नाहीसा करणे एवढाच उपाय त्यांना उरला होता.

महात्मा जोतीराव फुले यांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आणि त्या शिक्षणात काय असावे तेही सांगितले. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. या यादीत हिशेबाचे स्थान अगदी वरचे आहे. शेतकऱ्याच्या मुलाला आलेली साधी वजाबाकी म्हणजे त्याच्या हाती आलेली ढाल होय, हे त्यांना ठाऊक होते.

या मागणीचा पुढचा धागा कोल्हापुराशी जुळतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपणीचे शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले. पुढे पुण्यात शिक्षक असताना त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले व ते अनेक वर्षे शाळांत वापरले गेले. अंकगणिताच्या याच शिक्षकाने १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९१२ साली ते फेटाळले गेले. खर्च झेपणार नाही, घाई होईल, अशी कारणे पुढे करण्यात आली.

जे ब्रिटिश हिंदुस्थानात अमान्य झाले, ते १९१७ साली कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी अमलात आणले. बडोद्याचे सयाजीराव महाराज १९०६ पासून या मार्गाने गेलेच होते. तथापि कोल्हापूरसारख्या तुलनेने लहान संस्थानाने हे पाऊल उचलणे ही सामान्य गोष्ट नव्हती. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंडाची तरतूद झाली. सर्व जातींच्या मुलांसाठी पाटी आणि पाढे खुले करण्याचा हा राजाचा हुकूम होता. संपूर्ण भारतात बालकाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, हे लक्षात घेतले म्हणजे कोल्हापूरचे हे पाऊल किती पुढचे होते ते समजते.

खडे, काड्या आणि मणी

मूल शाळेत आले, पण त्याला शिकवावे कसे, हा प्रश्न उरलाच. या बाबतीत महाराष्ट्रात एका ख्रिस्ती स्त्रीचे नाव आरंभीच घ्यावे लागते. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली स्थापन केलेल्या शारदा सदनाच्या कार्यात त्याचा उपयोग केला. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या या पद्धतीत मूल लाकडी ठोकळे जोडते, मोडते आणि त्यातून आकार व संख्या शिकते.

१९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालघर उघडले. त्यांच्या साधनांत दहा काठ्या आहेत. सर्वांत लहान दहा सेंटिमीटरची आणि सर्वांत लांब एक मीटरची. दोनची आणि तीनची काठी एकापुढे एक ठेवली की ती पाचच्या काठीएवढी भरते. इथे बेरीज आणि लांबीचे माप एकाच कृतीत शिकून होते. माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात इथेच राहिल्या. पण त्यांची साधने महाग होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवताना या अडचणीवर मार्ग काढला. शिंपले, बिया, खडे, काड्या, पाने हीच त्यांची साधने झाली. १९३७ साली वर्ध्यात मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणातही टकळीवर कातलेले सूत मोजता मोजता अंकगणित शिकवण्याचा विचार होता.

आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना एक साधे उदाहरण ओळखीचे आहे. जपमाळेचे दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. आजीच्या मांडीवर बसून त्या मण्यांवरून बोट फिरवणाऱ्या बालकाला दशक म्हणजे काय हे कोणी समजावून सांगितलेले नसते. दहा झाले की मोठा मणी येतो, एवढे त्याच्या बोटाला कळते.

आणे गेले, पैसे आले

स्वातंत्र्यानंतर मापांच्या जगात मोठी उलथापालथ झाली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला होता. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम, मीटर आणि लिटर आले व १९६२ मध्ये देशभर दशमान पद्धत सक्तीची झाली. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर होत, पण एका आण्याचे सव्वासहा. म्हणून त्या वर्षांत बाजारात किती वादावादी झाली, हे आमच्या आईवडिलांच्या पिढीकडून आम्ही ऐकले आहे. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा; तेव्हा किलो म्हणजे शेराहून थोडे अधिक, हा हिशेब गृहिणींना नव्याने बसवावा लागला.

हा बदल योग्यच होता. गावागणिक बदलणारा मण गेला आणि सर्व देशाला एक माप मिळाले. दहाच्या पटीमुळे मुलाचे कोष्टकही सोपे झाले. परंतु त्याबरोबर पावकी-दिडकी वर्गातून हद्दपार झाली आणि बाजारातील गणित व शाळेतील गणित यांना जोडणारा पूल खचला. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. तरी मंडईत आजही आपण पावशेर मिरची मागतो आणि गुजरीत सोन्याचा भाव तोळ्यावरच विचारतो. भाषेने जे जपले ते पाठ्यपुस्तकाने सोडले, अशी ही स्थिती आहे.

भाषा आणि अंक यांचे हे नाते २०१९ साली अचानक सर्वांच्या चर्चेत आले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' सोबत 'वीस एक' अशी वाचनाची रीत देण्यात आली. त्यावर वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळातही टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी पारंपरिक शब्द काढून टाकलेले नाहीत, दोन्ही रीती दिल्या आहेत, हे स्पष्ट केले. त्यांचा मुद्दा विचारात घेण्याजोगा होता. 'एकवीस' म्हणताना एक आधी उच्चारला जातो, पण लिहिताना दोन आधी येतो. त्यामुळे लहान मूल २१ ऐवजी १२ लिहून बसते. जर्मन भाषेतही हाच उलटा क्रम आहे आणि तेथील मुलांनाही त्याचा त्रास होतो. दुसऱ्या बाजूने पाहता, 'एकोणतीस' या शब्दातील वजाबाकी मुलाला उलगडून दाखवली, तर तोच शब्द त्याचा शिक्षक होतो. आमच्या मते यात एकाचा जय आणि दुसऱ्याचा पराजय मानण्याचे कारण नाही. आधी मुलाला 'वीस आणि एक' कळू द्यावे आणि मग 'एकवीस' या शब्दाचे घर त्याला उघडून दाखवावे.

हातचा

वजाबाकी शिकवताना आपण 'हातचा' हा सुंदर शब्द वापरतो. बत्तिसातून सात वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशकाच्या घरातून एक हातचा घ्यायचा. बहुसंख्य मुले नेमकी इथेच अडखळतात. कारण पाटीवरचा तो 'एक' प्रत्यक्षात दहा आहे हे त्यांनी कधी हाताने अनुभवलेले नसते. दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवाव्यात. सात काड्या देण्यासाठी मूल स्वतःच एक जुडी सोडते. आता सुट्या काड्या बारा होतात, त्यांतून सात दिल्या की पाच उरतात आणि दोन जुड्या शिल्लक राहतात. पंचवीस! ही जुडी त्याने चार-पाच वेळा सोडली की हातचा खरोखर त्याच्या हातचा होतो.

मापाचेही तसेच. वर्गातील प्रत्येक मुलाने एकच बाक आपापल्या वितीने मोजावा. कोणाच्या आठ विती भरतील, कोणाच्या नऊ. मग खरे कोणाचे, असा वाद होईल. हा वाद होऊ द्यावा. शिवकालातील काठी आणि दशमान पद्धतीतील मीटर याच वादातून जन्माला आले. त्यानंतर पट्टी हाती दिली, तर ती का आवश्यक आहे हे मुलाला सांगावे लागत नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले, ते मुलाच्या अनुभवाला आणि परिसराला शिक्षणाचा पाया मानूनच. लीलाताई २०२० साली निवर्तल्या. परंतु महागड्या साधनांशिवाय आणि भीतीशिवाय प्राथमिक शिक्षण देता येते, हा त्यांनी घालून दिलेला धडा या शहराजवळ आहे.

वाचकहो, हे सारे शिक्षकांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. भाकरीसाठी पीठ घेताना किती मुठी घातल्या ते मुलाला मोजू द्या. तांब्याने बादली भरताना किती तांबे लागतील याचा आधी अंदाज करायला सांगा आणि मग मोजायला लावा. मंडईत सुटे पैसे त्याच्या हाती द्या आणि परत किती मिळायला हवेत ते त्यालाच सांगू द्या. मूल बोटांवर मोजत असेल तर त्याला हसू नका; जगातील सर्व दशमान पद्धती त्या दहा बोटांतूनच निघाल्या आहेत.

आपल्या जिल्ह्यात उसाच्या वजनकाट्याविषयी शेतकऱ्यांची तक्रार अजूनही मिटलेली नाही; 'काटामारी' हा शब्द इथल्या मुलांच्या कानांवर लवकर पडतो. बायबलच्या जुन्या करारात खोट्या तराजूविरुद्ध नियमशास्त्र बोलते आणि आमोस संदेष्टा माप लहान करून गरिबांना नागवणाऱ्या व्यापाऱ्यांना धारेवर धरतो. प्रभू येशूही देण्याविषयी बोलताना दाबून, हलवून, ओसंडून वाहणाऱ्या मापाचा दाखला देतो. खरे माप घेता येणे आणि खरे माप देण्याची इच्छा असणे, या दोन्ही गोष्टी बालपणीच शिकवाव्या लागतात. पहिली वर्गात आणि दुसरी घरात. १८७५ साली ज्यांना वही वाचता आली नाही त्यांनी ती जाळली. त्यांच्या पणतवंडांना ती वाचता यावी आणि उद्या ती लिहिण्याची पाळी आली तर तीत खोटा आकडा घालू नये, एवढ्यासाठी पहिलीच्या वर्गातली ती काड्यांची जुडी महत्त्वाची आहे.